पगार थांबला की घाईत होणाऱ्या पैशाच्या चुका

मंदीत नोकरी गेली किंवा पगार कापला गेला की पहिल्या दोन महिन्यांत केलेली घाई पुढे दोन-तीन वर्षं फेडत बसावी लागते. पैसा कमी असतोच. पण कोणतं देणं आधी भागवायचं आणि कोणती बचत आधी मोडायची, हा क्रम चुकला की नुकसान दुप्पट होतं.

सगळ्यात महागात पडतं ते क्रेडिट कार्डाचं फक्त 'मिनिमम ड्यू' भरत राहणं. समजा थकबाकी 1,00,000 रुपये आहे आणि व्याज महिन्याला 3.5 टक्के. व्याज झालं 3,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 630. किमान रक्कम म्हणून 5,000 भरले, तरी मुद्दल कमी होते फक्त 870 रुपयांनी. शिवाय बिल पूर्ण न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत जाते आणि त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून कार्ड वापरणं आधी थांबवा. मग बँकेला फोन करून थकबाकी ईएमआयमध्ये बदलून मागा. वार्षिक 15 टक्क्यांनी 24 महिन्यांचा हप्ता साधारण 4,850 रुपये बसतो; सुरुवातीला व्याजावरचा जीएसटी धरला तरी 5,100च्या आत. जवळजवळ तेवढेच पैसे, पण दोन वर्षांत कर्ज संपतं. प्रोसेसिंग फी किती, हे मात्र आधीच विचारून घ्या. कार्डावर एटीएममधून रोख तर काढूच नका: फी वेगळी, आणि व्याज त्याच दिवसापासून.

दुसरी चूक एफडी मोडण्याची. 3 लाखांची एकच एफडी आहे आणि गरज 40,000ची आहे, तर सगळी मोडून दंड कशाला भरायचा? एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून गरजेपुरती उचल. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच. कर वाचवण्यासाठीच्या 5 वर्षांच्या एफडीवर ही सोय नसते.

घराचा हप्ता चुकणार असं दिसलं तर तारखेच्या आधीच शाखेत जा. हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था, दोघंही दंड लावतात. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. नोकरी गेल्याचं पत्र जोडून मुदत वाढवून देण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हप्ता पुढे ढकलला म्हणून व्याज थांबत नाही. 2020च्या मोरेटोरियममध्येही (कोविडकाळात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत) ते चढतच होतं. वसुलीचे फोन सकाळी 8च्या आधी किंवा संध्याकाळी 7नंतर आले तर नोंद ठेवून तक्रार करा, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे.

पीएफला शेवटी हात लावा. सलग 5 वर्षं भरण्याआधी काढलेल्या रकमेवर बहुतेक वेळा कर लागतो (कंपनीच बंद पडली असेल तर सूट आहे). पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे पैसेही काढून घेतले की पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षांची सेवा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. राजीनाम्याच्या कागदांवर सही करण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल मागा, म्हणजे जुन्या आजारांसाठीचा आतापर्यंत सरलेला प्रतीक्षाकाळ नव्या पॉलिसीतही मोजला जातो.

आणि अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सगळी शिल्लक एकाच सहकारी बँकेत ठेवू नका. सप्टेंबर 2019मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच मिळतो, आणि त्याच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी त्यात एकत्र धरल्या जातात.