स्वतः तयार केलेले पाठसाहित्य इतर शिक्षकांना ऑनलाइन कसे द्यावे

'फाइल ड्राइव्हवर चढवा आणि लिंक पाठवा' हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि तो अपुरा आहे. लिंक पाठवणे हे सर्वांत शेवटचे आणि सर्वांत सोपे काम असून, खरे कष्ट त्यापूर्वीच घ्यावे लागतात.

प्रथम, वर्गात किमान दोनदा वापरून पाहिलेले साहित्यच निवडावे. एका फाइलमध्ये एकच घटक ठेवावा आणि फाइलच्या नावात इयत्ता, विषय व घटक लिहावा.

यानंतरची पायरी म्हणजे फाइलमधून विद्यार्थ्यांची माहिती काढून टाकणे. बहुतेक मार्गदर्शनांत ती एका वाक्यात उरकलेली असते, आणि मी स्वतः नेमकी इथेच चुकले. अपूर्णांकांच्या बेरजेवरील एका सादरीकरणात, छेदांचीही बेरीज करण्याची नेहमीची चूक दाखवण्यासाठी मी एका उत्तरपत्रिकेचा फोटो घातला होता. नाव आणि गुण दिसू नयेत म्हणून फोटोची वरची कडा क्रॉप केली. स्लाइडवर सर्व काही स्वच्छ दिसत होते. ते सादरीकरण घेतलेल्या एका शिक्षकांनी चित्राचा आकार बदलण्यासाठी क्रॉपची चौकट उघडली, तेव्हा कापलेला भाग जसाच्या तसा परत आला आणि मुलाचे पूर्ण नाव व 20 पैकी 4 गुण समोर दिसू लागले. त्यांनी मला लगेच कळवले. परंतु तोवर ती फाइल किती जणांनी उतरवून घेतली होती, हे कळण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता.

पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग केवळ झाकला जातो. तो खरोखर काढण्यासाठी 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जाऊन क्रॉप केलेला भाग हटवण्याचा पर्याय निवडावा लागतो. नावावर काळी पट्टी ओढणे तर त्याहून फसवे आहे: स्लाइडवरील पट्टी बोटभर सरकवली की नाव दिसते, आणि पीडीएफमध्ये नुसता काळा चौकोन काढला असेल तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. स्लाइडखालच्या नोट्स, लपवलेल्या स्लाइड आणि टिप्पण्या एकेक उघडून तपासाव्यात. गुगल डॉक्समध्ये संपादनाचा अधिकार दिलेल्या व्यक्तीला जुन्या आवृत्त्याही पाहता येतात, त्यामुळे आज पुसलेली नावे तिला तिथे सापडतात. म्हणून मूळ दस्तऐवज कधीही देऊ नये. त्याची टिप्पण्यांविना नवी प्रत तयार करून तीच द्यावी. फोनवर काढलेल्या फोटोत, कॅमेऱ्याला स्थान नोंदवण्याची परवानगी असल्यास, फोटो कुठे काढला तेही साठवलेले असते.

या सगळ्यावर माझा उपाय एकच आहे आणि त्याबाबत मी तडजोड करत नाही: विद्यार्थ्याचे काम फोटोच्या रूपात बाहेर जाऊ देऊ नये. चूक तीच ठेवावी, पण ती आपल्या हस्ताक्षरात पुन्हा लिहावी. मुलाचे अक्षर त्याचे वर्गमित्र सहज ओळखतात, आणि पालकांची लेखी संमती असली तरी त्या मुलाला आणखी दहा वर्षांनी काय वाटेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही.

चित्रांच्या बाबतीत, शोधात सापडले म्हणून चित्र मोफत ठरत नाही. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहात प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना व श्रेय दिलेले असते. ते चित्राखाली लिहावे. साध्या आकृत्या स्वतःच काढाव्यात.

आता परवाना. 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' ही ओळ संदिग्ध आहे; त्यात बदल करून पुढे देता येते की नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आपले साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने 2002 पासून उपलब्ध आहेत आणि त्यांतील 'सीसी बाय 4.0' मी सुचवेन, कारण त्यात श्रेय देऊन कोणालाही साहित्य बदलता, अनुवादित करता आणि पुन्हा वाटता येते. 'एनडी' ('नो डेरिव्हेटिव्ज') अक्षरे असलेला परवाना घेऊ नये; त्याखाली बदललेली प्रत पुढे देता येत नाही. युनेस्कोच्या 2019 च्या शिफारशीतही मुक्त शैक्षणिक साधनांच्या व्याख्येत अनुकूलन आणि पुनर्वितरण यांचा स्पष्ट समावेश आहे. मात्र हा परवाना एकदा दिल्यावर, ज्यांनी साहित्य घेतले त्यांच्याकडून तो मागे घेता येत नाही, म्हणूनच आधीची साफसफाई पूर्ण झाल्याशिवाय तो लावू नये.

फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकित करून, संपादन करता येईल अशी एक प्रत आणि एक पीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत ठेवावी. नुसती पीडीएफ देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, समोरच्या शिक्षकाला स्वतःच्या वर्गासाठी चार उदाहरणे बदलायची असतात, तेव्हा पीडीएफचा त्याला फारसा उपयोग होत नाही.

लिंकला केवळ पाहण्याचा अधिकार द्यावा. त्यातूनही प्रत तयार करून घेता येते. पाठवण्यापूर्वी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे आपल्या खात्यात लॉग-इन नसताना, उघडून पाहावी. तिथे लॉग-इन करण्यास किंवा प्रवेशाची विनंती करण्यास सांगितले गेले, तर सेटिंग चुकले आहे.