ओढ्यात पोकलेन उतरवण्याआधी

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, ट्रॅक्टर-ट्रॉल्या मोकळ्या झाल्या की सोलापूर जिल्ह्यात गावोगाव पारावर एकच विषय निघतो: यंदा ओढ्याचा गाळ काढायचा. काढा, जरूर काढा. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि मधे लांबलचक उघडीप. अशा मुलखात पडलेलं पाणी थोपवावंच लागतं. फक्त मशीनवाल्याला फोन करण्याआधी हे वाचा. टोपी, ताक, सकाळी लवकर कामाला लागणं यावर मी काही लिहिणार नाही. सोलापूरकराला मे महिन्यातलं ऊन शिकवायचं नसतं.

सगळ्यात आधी विहिरी मोजा. आपल्या गावच्या मोजा आणि ओढ्याने पुढे जे गाव लागतं त्याच्याही मोजा. पुन्हा लिहितो, कारण नेमकं हेच राहतं: खालच्या गावच्या विहिरी, काम सुरू व्हायच्या आधी. गेल्या वेळी आमची मोजणी आमच्याच शिवेवर थांबली. बंधारे भरले, फोटो निघाले, पेपरात आलं. पुढच्या उन्हाळ्यात खालची मंडळी ग्रामपंचायतीत येऊन बसली. म्हणाली, तुम्ही वर अडवलं म्हणून आमच्या विहिरी लवकर आटल्या. आमचं म्हणणं, पाऊसच कमी झाला. खरं काय ते आजतागायत कळलेलं नाही, कारण त्यांच्या विहिरींना आधी पाणी कुठवर होतं हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, असं चाललं.

मोजायचं कसं ते नीट सांगतो, इथं घाई नको. तीस मीटरचा टेप घ्या, टोकाला जड नट बांधा. विहिरीच्या काठावर एक पक्का दगड निवडून ऑइलपेंटने लाल खूण करा. दर वेळी त्याच खुणेपासून मोजायचं. नट पाण्याला लागला की ‘डुब्’ असा आवाज येतो आणि टेपला ढिलाई जाणवते. तो आकडा वहीत घ्या. शेजारी तारीख, वेळ, गट नंबर आणि मोटर शेवटची कधी चालली होती ते लिहा. हे शेवटचं फार महत्त्वाचं. शेतीची लाइट एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री असते. रात्रभर उपसलेल्या विहिरीवर सकाळी सहाला टेप सोडलात तर तुम्ही पातळी मोजत नाही, मोटर मोजता. म्हणून दिवसपाळीचा आठवडा धरा आणि पहाटे, लाइट यायच्या आधी जा. बोअरच्या नादी लागू नका, केसिंगमधे पाइप आणि केबल असते, टेप अडकतो. उघड्या विहिरीच घ्या.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे उद्या सरकारी आकड्यांशी ताडून बघता येईल. विहिरी किती? आपल्या आठ-दहा आणि खालच्या गावच्याही तेवढ्याच. शिवाय ओढ्यापासून लांबची, आपल्या कामाचा ज्यांच्याशी काही संबंध येणार नाही अशी एखादी-दुसरी विहीर हवीच. तिचं पाणी वाढलं तर ते पावसाचं. ओढ्याकाठच्यांचं त्याहून जास्त वाढलं तर कामाचं म्हणता येईल. आणि विहिरी निवडताना बागायतदारांच्याच निवडू नका. वस्तीवरचा आड, ज्यांना जमीनच नाही त्यांची सार्वजनिक विहीर, ही नावं वहीत वर घाला. उन्हाळ्यात सगळ्यात आधी तीच कोरडी पडते आणि तिच्यासाठी बोलणारा बैठकीत नसतो.

कुणी म्हणेल, खालच्या गावाशी आपलं जमत नाही, ते टेप लावू देणार नाहीत. मग आधी जमवा. त्यांच्या शाळेतला एखादा शिक्षक, बचत गटातल्या दोघी-तिघी, एखादा तरुण शेतकरी, कुणीही चालेल. मोजणी त्यांच्याच हातून करवून घ्या आणि वहीची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. उजनी धरणात पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, आणि तेच पाणी आपण पितो, यावर सोलापुरात चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत सगळे तावातावाने बोलतात. बरोबरच आहे, पुण्याच्या खालचं गाव आपणच. पण स्वतःच्या ओढ्यावर काम काढलं की आपणही पुणेकरच होतो. आपल्या खाली कोण आहे ते बघायला कुणाला सवड नसते.

खालच्या गावाकडे बघायचं दुसरं कारण पुराचं. सप्टेंबर 2025 मधे सीना नदीने माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरचं काय केलं ते अजून ताजं आहे; लांबोटीजवळ पुण्याचा महामार्गसुद्धा बंद पडला होता. ओढा सरळ केला, काठ तासून गुळगुळीत केले की पाणी मुरण्याऐवजी पळतं आणि खालच्याच्या दारात एकदम जाऊन उभं राहतं. म्हणून वळणं तशीच ठेवा. आणि पाणी कुठवर चढलं होतं ते माणसांच्या ध्यानात आहे तोवर शाळेच्या, देवळाच्या, समाजमंदिराच्या भिंतीवर खूण करून तारीख घाला. जलसंपदा खात्याची निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. लहान ओढ्यांना ती रेषा बहुधा कुणी आखलेलीच नसते. तुमची भिंतीवरची खूण हीच तुमची रेषा. खालच्या गावातही ती करा.

आता कागद. ग्रामसभेचा ठराव हवा आणि तो प्रोसिडिंग बुकात गट नंबरांसकट लिहिलेला हवा. ‘ओढा खोलीकरण करणे’ एवढ्या तीन शब्दांच्या ठरावावर पुढे काहीही खपवता येतं. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती कागदावर उरकू नका. हंडा कुठून आणावा लागतो हे तिथंच कळतं. खालच्या ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. ओढ्याची हद्द गावनकाशावर बघा, वाद असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणी टाका. मोजणीची तारीख वेळेत मिळत नाही, म्हणून अर्ज संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, जानेवारीतच गेलेला बरा. ज्याने ओढ्यात दोन सऱ्या पुढे सरकवल्यात त्याच्याशी मशीन यायच्या आधी बोला. मशीन उभं असताना बोललात तर तासाचं भाडं चालू असतं आणि त्याला ते पक्कं माहीत असतं.

खोदाई किती? माथा ते पायथा हा क्रम सगळ्यांना पाठ आहे, पण वरची बांधबंदिस्ती आणि समतल चर सोडून सगळे थेट ओढ्यात उतरतात, कारण पोकलेनचा फोटो चांगला येतो. मग एका पावसाळ्यात गाळ परत. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे ठिसूळ खडक आणि मग काळा कातळ. गाळ काढा आणि थांबा. तळाची वाळू सोडा, पाणी तीच मुरवते. गाळाच्या नावाखाली वाळू नेणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो आणि तोच सगळ्यात आधी मदतीला धावून येतो. जरुरीपेक्षा खोल गेलात तर ओढाच शेजारच्या विहिरींचं पाणी ओढून घेतो. हे खालच्या गावच्या विहिरींवर दिसेल की आपल्याच, ते जागेवर अवलंबून. मोजलं नसेल तर कुठंच दिसणार नाही.

वेडी बाभूळ मुळासकट काढा, नुसती छाटली तर दुप्पट फुटते. करंज, उंबर, जांभूळ यांना हात लावू नका. ड्रायव्हरला झाडं दाखवून, चुना मारून द्या.

हिशेब: मशीनच्या अवर-मीटरचा फोटो सकाळी आणि संध्याकाळी, डिझेलची पावती, गाळ कुणाच्या शेतात किती ट्रॉल्या गेला त्याची नोंद. छोट्या शेतकऱ्याला ट्रॉलीचं भाडं परवडत नाही, त्याचं आधी ठरवा. नाहीतर सगळा गाळ रस्त्याकडेच्या बागायतीत जातो.

शहरात आदिला नदीवर काम करणाऱ्यांची तयारी वेगळी. तिथं आधी काठाने चालून कुठली गटारं कुठं मिळतात याचा नकाशा करा. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते, गटार चालू ठेवून ती उपसणं म्हणजे दर वर्षीचं कंत्राट. पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फात ठेवा, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा.

पाऊस सुरू झाल्यावर: गावात साधं पर्जन्यमापक लावा, महसूल मंडळाचा आकडा तुमच्या शिवारात लागू पडेलच असं नाही. एका दिवसात 65 मिलिमीटरच्या पुढे गेला तर अतिवृष्टी, त्या रात्री सांडव्यावर कुणीतरी हवं. पावसाळा सरला की केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घाला. रबर आधी तपासा, बरगे कुणाच्या ताब्यात आहेत ते त्याहून आधी.

ऑक्टोबरात पुन्हा टेप, त्याच खुणेपासून, दोन्ही गावांत. मग पाण्याचा ताळेबंद: आलं किती, वापरायचं कशाला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टर शिवारावर पाचशे मिलिमीटर पडला तर पाचशे कोटी लिटर. हुरळू नका, त्यातलं बरंच वाफेने जातं, बरंच वाहून जातं. जे उरलं त्यात आधी माणसं आणि जनावरं, मग ज्वारी-हरभरा, मग उरलंच तर ऊस. या बैठकीत भांडण होणार हे धरून चाला. खालच्या गावचे दोघं तिला बोलवा, त्यांची वही त्यांना आणायला सांगा, आणि बैठक रब्बीची पेरणी व्हायच्या आधी घ्या. ऊस लागल्यावर घेतलेल्या बैठकीला चहाचा खर्चसुद्धा वाया.