सकाळच्या रेडिओ बातम्या: ऐकलेलं आणि वाटलेलं कसं टिपावं

रेडिओवरचं वाक्य मागे नेता येत नाही, म्हणून आधी स्पष्ट ऐकू येईल अशी सोय करा. मीडियम वेव्हवर खरखर असेल तर जवळचा चार्जर आणि एलईडी दिवा बंद करून पाहा. तरी भागलं नाही तर अख्खा रेडिओच सावकाश फिरवा. या बँडचा अँटेना आतल्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो आणि दिशा बदलली की आवाज कमी-जास्त होतो. बाहेर ओढायची दांडी एफएमसाठी. ती साधारण ७५ सेंमी उघडली की पुरे.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ऐकलेलं, उजवीकडे वाटलेलं. बातम्या चालू असताना फक्त डावी बाजू भरायची, तीही बातमीमागे चार-पाच शब्दांत. पूर्ण वाक्य लिहायला गेलात की पुढची बातमी हुकलीच. सुरुवातीच्या ठळक बातम्या नुसत्या ऐका. बऱ्याच बातमीपत्रांत त्या शेवटी पुन्हा येतात, तेव्हा सुटलेली नावं भरता येतात.

खरा घोळ क्रियापदापाशी होतो. 'बसभाडं वाढवण्याचा' एवढं कानावर पडताच कपाळाला आठी पडते, आणि 'प्रस्ताव फेटाळण्यात आला' हे नळाच्या आवाजात वाहून जातं. मग दिवसभर न झालेल्या भाडेवाढीवर चिडचिड! मराठीत वाक्याचा निकाल शेवटी लागतो, तेव्हा बाकी काही सुटलं तरी चालेल, शेवट टिपाच. निर्णय झाला, मागणी झाली, शक्यता आहे, इशारा दिला: यांना नि, मा, श, इ अशा खुणा ठेवल्या तर हात मागे पडत नाही. 'सांगण्यात आलं' ऐकलंत आणि कोणी सांगितलं ते कळलं नाही, तर तिथे प्रश्नचिन्ह.

आकडा 'कितीवरून किती' असा घ्या. व्याजदर ६ वरून ६.२५ टक्के झाला की बातमीत पाव टक्क्याची वाढ म्हणतात. मूळ दराच्या मानाने ती ४ टक्क्यांहून जास्त भरते. दुर्घटनेतल्या मृतांच्या आकड्याशेजारी वेळ लिहा, सकाळचा आकडा दुपारी बदलू शकतो.

उजवी बाजू बातम्या संपल्या की लगेच, पण एखाद-दोन बातम्यांपुरतीच. सगळ्यांवर मत हवंच असं थोडंच आहे? 'लोक चिडतील' हे वाटणं नव्हे, तो अंदाज झाला. राग आला असेल तर नेमका कशाचा ते लिहा: घटनेचा, बोलणाऱ्याचा, की नुसत्या वाचण्याच्या सुराचा. नुसतं 'वाईट वाटलं' लिहिलंत तर महिन्याभराने ते कशाबद्दल होतं हे तुम्हालाही उमगणार नाही.

संध्याकाळच्या बातम्यांनंतर डावीकडच्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने करा. उजवीकडचं खोडू नका. चुकीच्या आकड्यावर चिडला असाल तर शेजारी तेवढं नोंदवा.