प्रवाळ कवकाचा नमुना आणि त्याची हर्बेरियम-नोंद

पुण्यात कवकशास्त्र शिकू पाहणाऱ्याची मोठी सोय अशी की ताम्हिणी, मुळशी, लोणावळ्याची पावसाळी राने एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत आणि आघारकर संशोधन संस्थेचे अजरेकर कवक-हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या कवक-नमुन्यांचा संग्रह, शहरातच आहे. प्रवाळ कवकांचे नमुने जमवण्याच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती नमुन्याबरोबरची नोंद. कारण पोवळ्यासारख्या फांद्यांचे हे कवक वाळले की रंग, वास आणि पोत हरवून बसते व पाकिटात नुसत्या ठिसूळ काड्या उरतात.

म्हणून कवक काढण्यापूर्वीच, ते जागेवर असताना, छायाचित्र घ्यावे आणि वही उघडावी. फांद्यांच्या टोकांचा, मधल्या भागाचा आणि बुंध्याचा रंग वेगवेगळा लिहावा, कारण रामारिया या प्रवाळ कवकांच्या प्रजातीतील (genus) अनेक जातींत (species) तो भिन्न असतो. चिरल्यावर रंग बदलतो का, हेही पाहावे. बुंधा मातीतून सुरीने अखंड काढावा. कवक जमिनीवर होते की लाकडावर, हे लिहायला विसरू नये : आर्टोमायसिस पिक्सिडेटस ही मुकुटासारख्या टोकांची जात कुजक्या लाकडावर येते, तर रामारियाच्या कित्येक जाती जिवंत झाडांच्या मुळांशी सहजीवन करतात. त्यामुळे भोवतालच्या झाडांची नावे अक्षांश-रेखांशाइतकीच आवश्यक आहेत. अभयारण्यात, उदाहरणार्थ भीमाशंकरला, वनविभागाची परवानगी आधी घ्यावी आणि तिचा क्रमांकही नोंदीत ठेवावा.

मुक्कामी परतल्यावर पहिले काम बीजाणूंचा ठसा, म्हणजे कागदावर ठेवलेल्या ताज्या कवकातून गळणाऱ्या बीजाणूंचा थर. निम्मा पांढरा, निम्मा काळा कागद वापरला म्हणजे फिकट ठसाही दिसतो. रामारियाचा ठसा बहुधा पिवळसर-गेरू रंगाचा पडतो, क्लॅव्हेरिया आणि क्लॅव्हुलिना या दुसऱ्या प्रवाळ प्रजातींचा पांढरा. एवढ्यावरच प्रजातीचा निम्मा निवाडा होतो. रामारियाच्या फांदीवर फेरस सल्फेटच्या द्रावणाचा थेंब टाकल्यास ती सहसा हिरवट होते, आणि ही कसोटी ताज्या नमुन्यावरच घ्यावी. डीएनएसाठी लहानसा तुकडा सिलिका जेलमध्ये वेगळा ठेवून उरलेला नमुना सुमारे 40 ते 45 अंश सेल्सिअसला, हवा खेळती ठेवून वाळवावा. कवकांच्या ओळखीसाठी आयटीएस हा डीएनएचा भाग 2012 पासून प्रमाण बारकोड, म्हणजे जात ओळखण्याची खूण, मानला जातो; तरीही त्या क्रमाचा अर्थ लावताना शेवटी वहीतल्या वर्णनाकडेच यावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

चिठ्ठीवर स्थळ, उंची, तारीख, संग्राहकाचे नाव आणि त्याचा स्वतःचा सलग क्रमांक असावा. नावाची घाई करू नये. ‘रामारिया, जात अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद चुकीच्या जातिनामापेक्षा कितीतरी उपयोगी असते.

जुने नमुने शोधताना क्लॅव्हेरियाच्या फायली अवश्य उघडाव्यात. एके काळी जवळजवळ सगळीच प्रवाळ कवके त्या एका नावाखाली जात. पर्सून या कवकशास्त्रज्ञाने 1797 मध्ये क्लॅव्हेरिया बोट्रायटिस म्हणून वर्णिलेली जात आज रामारियात आहे. या गटाची वेगवेगळ्या प्रजातींत नव्याने विभागणी करणारा कॉर्नर या कवकशास्त्रज्ञाचा प्रबंध 1950 चा, त्यामुळे त्याआधीच्या चिठ्ठ्या विशेष जपून वाचाव्यात. फेरओळख पटली तरी जुने नाव खोडू नये. आपले नाव, तारीख आणि ओळखीचा आधार लिहिलेली नवी चिठ्ठी शेजारी जोडावी, कारण त्या जुन्या नावाने आणि त्याच नोंदणी क्रमांकाने तो नमुना एखाद्या शोधनिबंधात आधीच उद्धृत झालेला असू शकतो.