कोडॉन मोजायला बसण्याआधी

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात मी श्वसनविषाणूंच्या कोडॉन-वापरावर प्रकल्प घेतला. कोडॉन म्हणजे जनुकातला तीन अक्षरांचा शब्द; तो प्रथिनातलं एक अमिनो आम्ल सांगतो. अक्षरं चारच: ए, सी, जी आणि यू (फाइलमध्ये यू च्या जागी टी लिहितात). पहिले तीन आठवडे माझे आकडे पार चुकीचे होते आणि मला पत्ताही नव्हता. तुम्ही या विषयाकडे वळत असाल तर ती चूक आधी ऐका.

कोरोनाविषाणूचा वुहानचा संदर्भ-जीनोम २९,९०३ अक्षरांचा. त्यातलं सगळ्यांत मोठं जनुक, ओआरएफ१एबी, मी २६६ ते २१५५५ असं सरळ कापून घेतलं, तीन-तीन अक्षरं पाडली आणि मोजत सुटले. मॅडमनी फाइलकडे पाहून एवढंच विचारलं, "अगं, याला तीनने भाग जातो का?" लांबी २१,२९०. जात नाही. या जनुकात १३४६८ व्या अक्षरापाशी, कोडॉन वाचून प्रथिन बनवणारा रायबोसोम एक घर मागे सरकतो आणि तेच अक्षर पुन्हा वाचतो. ते दोनदा धरलं की २१,२९१ होतात, म्हणजे बरोबर ७,०९७ कोडॉन. माझ्या तक्त्यात त्या जागेनंतरचा प्रत्येक कोडॉन खोटा होता. मधेमधे स्टॉप कोडॉन, म्हणजे 'प्रथिन इथे संपलं' सांगणारे कोडॉन, येत होते, तेही मी कचरा समजून गाळत होते. आता कुठलाही क्रम हाती आला की आधी बघते: तीनने भाग जातो ना, सुरुवात एटीजी या आरंभाच्या कोडॉनने आहे ना, मधे स्टॉप नाही ना.

मोजणी स्वतः अवघड नाही. आर्जिनिन या अमिनो आम्लाला सहा कोडॉन आहेत. १२० आर्जिनिन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २० यायला हवेत. त्यांतला एजीए ५० वेळा आला तर त्याचा आरएससीयू, म्हणजे प्रत्यक्ष वापर भागिले अपेक्षित वापर, २.५. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅनला एकेकच कोडॉन, त्यामुळे निवडीचा प्रश्न ५९ कोडॉनांपुरता उरतो. हे एकदा वहीत हाताने करा, मगच बायोपायथन या संगणकी साधनाकडे जा.

खरी कसोटी पुढे लागते. तक्ता तयार झाला की "विषाणूने माणसाशी जुळवून घेतलंय" असं लिहायचा मोह होतो. जानेवारी २०२० मध्ये एका शोधनिबंधात याच आरएससीयूच्या आधारे नव्या विषाणूचा यजमान साप असावा, मण्यार किंवा नाग, असं मांडलं गेलं. जगभर बातम्या झाल्या आणि अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतले. 'करून राहिलो' ऐकलं की माणूस विदर्भाकडचा, हा अंदाज बहुधा बरोबर येतो, कारण तसं बोलणारी हजारो माणसं आपण ऐकलेली असतात. मोजक्या जनुकांवरून यजमान ठरवताना तो आधार नसतो.

शिवाय कोडॉनची आवड बऱ्याचदा आवड नसतेच. या विषाणूत जी आणि सी मिळून जेमतेम ३८ टक्के. तिसऱ्या जागी यू आणि ए यांची गर्दी. आपल्या पेशींतली एपोबेक विकरं सी चं यू करतात, असा भक्कम अंदाज आहे. झॅप नावाचं प्रथिन सीपीजी, म्हणजे सी नंतर लगेच जी अशी, जोडी हेरून आरएनएवर हल्ला करतं, त्यामुळे सीपीजी असलेले कोडॉन झडत जातात. मानवी जनुकांत चांगला वापरात असलेला सीजीजी या विषाणूत दुर्मीळ आहे, तरी हा विषाणू माणसांत किती पसरला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आणि ज्या मानवी तक्त्याशी आपण तुलना करतो तो सगळ्या जनुकांची सरासरी असतो. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या टाइप-२ पेशीत कोणते टीआरएनए (कोडॉननुसार अमिनो आम्ल आणून देणारे रेणू) किती आहेत, हे तो सांगत नाही. म्हणून सीएआय, म्हणजे विषाणूचे कोडॉन यजमानाच्या आवडीच्या कोडॉनांशी किती जुळतात त्याचा निर्देशांक, कितीही देखणा आला तरी, जी आणि सी यांचं प्रमाण तेवढंच असलेले, तीच अमिनो आम्लं देणारे हजारभर यादृच्छिक क्रम तयार करून त्यांचाही सीएआय काढा. विषाणूचा आकडा त्या गर्दीतच पडला, तर अनुकूलन हा शब्द वापरू नका.

हा विषय कोरडा वाटत असेल तर पुण्याकडे बघा. सीरम इन्स्टिट्यूटचा सहभाग असलेल्या कोव्ही-व्हॅक या नाकातून द्यायच्या लशीत स्पाइक जनुकात २८३ मूक बदल केले होते. अमिनो आम्लं तीच ठेवून कोडॉनांच्या जोड्या बिघडवायच्या, म्हणजे विषाणू दुबळा होतो. तो दुबळेपणा जोड्यांमुळे की वाढलेल्या सीपीजीमुळे, यावर अशा विषाणूंबाबत अजून वाद चालतो.

पहिला प्रकल्प निवडायचा असेल तर माझं मत इन्फ्लुएन्झा ए ला. १९१८ च्या साथीपासून माणसांत राहिलेल्या एच१एन१ वंशात सीपीजी दशकांगणिक कमी होत गेलं. शेजारी पक्ष्यांतले विषाणू ठेवले की तुलनेला आधार मिळतो, आणि काळाचा अक्षही हाताशी असतो. जीनोमचे तुकडे आठ, एकूण साडेतेरा हजार अक्षरं. त्यांतल्या पीबी२ या जनुकापासून सुरुवात करा; त्याची चौकट सरळ आहे, मधे घर मागे सरकत नाही.