गोधडीसाठी कापड साठवताना
कापड गाठोड्यात टाकण्याआधीच धुवा. जुनी सुती साडी आटून गेलेली असते, नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न धुता शेजारी शिवले की गोधडीला चुण्या पडतात. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासा. रंग लागला तर ते वेगळे ठेवा. विरलेले कापड उजेडासमोर धरून ताणा, चरचरले तर आतल्या थरालाही नको. टेरिकॉट सुतीत मिसळू नका, टाका घालताना सरकते.

साडेपाच मीटरची अखंड साडी मात्र कापू नका! मधून दुमडली की एका गोधडीचे दोन थर निघतात. उरलेले तुकडे रंगाप्रमाणे, वितीपेक्षा लहान चिंध्या वेगळ्या पिशवीत. पिशवी सुतीच हवी, प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्यात बुरशी धरते.