कूलंट टाकीवरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर: माझा अनुभव

कूलंटची, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी अर्धी रिकामी असतानाही पीएलसीवर (पंप चालवणाऱ्या कंट्रोलरवर) पातळी मध्येच 80 टक्क्यांवर उडी मारायची आणि भरणा पंप बंद पडायचा. सेन्सर वरून ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, 200 ते 2000 मिमी रेंजचा, 4-20 मिलीअँपिअर आउटपुटचा (4 म्हणजे रिकामी, 20 म्हणजे भरलेली टाकी). सगळ्यांचा संशय वायरिंगवर होता, पण मीटर लावून पाहिलं तर करंट खरोखरच 17 मिलीअँपिअरच्या आसपास जात होता. म्हणजे सेन्सरला खराच प्रतिध्वनी मिळत होता, फक्त भलत्याच वस्तूवरून.

झाकण उघडल्यावर कारण दिसलं. रिटर्न पाइपचा एल्बो (वळणाचा जोड) सेन्सरमधून खाली पसरणाऱ्या ध्वनीच्या शंकूत येत होता. त्यात कूलंटला फेस आला की फेस ध्वनी शोषतो, पृष्ठभागाचा प्रतिध्वनी क्षीण होतो आणि एल्बोच जिंकतो.

ब्रॅकेट पाइपपासून लांब सरकवला, सेन्सरचं तोंड लेव्हल लावून ओळंब्यात घेतलं. उंची अशी ठेवली की टाकी पूर्ण भरली तरी कूलंट सेन्सरच्या तोंडाखालच्या 200 मिमीच्या आंधळ्या पट्ट्यात शिरत नाही. हे अंतर अजिबात कमी करू नका, त्या पट्ट्यातल्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही.

टीच करण्याआधी, म्हणजे रिकामी आणि भरलेली पातळी शिकवण्याआधी, सेन्सर अर्धा तास चालू ठेवला. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरने वाढतो, त्यामुळे आतलं तापमान स्थिरावू द्यावं. मग सपाट प्लायचा तुकडा रिकाम्या पातळीवर धरून 4 आणि भरलेल्या पातळीवर धरून 20 मिलीअँपिअर शिकवलं. पीएलसीत रीडिंगची सरासरी घेणारं थोडं ॲव्हरेजिंगही टाकलं. तेव्हापासून पंप मध्येच थांबलेला नाही.